पाटी आणि पत्ता

वाङ्मयीन प्रश्नांची चर्चा करणाऱ्यांनी शासकीय निधीच्या वाटपावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. आमचे उत्तर साधे आहे. शासन-निर्णय, योजनेचे नाव, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली घोषणा आणि आर्थिक वर्ष संपताना सादर होणारा अहवाल, हेही मराठी गद्यच होय. ते कोणी लिहिले, कोणाला उद्देशून लिहिले, त्यात काय सांगितले आणि काय गाळले, हे तपासण्याचे शिक्षण कोणाला मिळत असेल तर ते साहित्याच्या विद्यार्थ्याला. कादंबरीतल्या निवेदकावर किती विश्वास ठेवावा हे आपण वर्गात तासन्‌तास शिकवतो. मग बाईच्या छळाविषयी लिहिलेल्या सरकारी मजकुराच्या निवेदकाला आपण इतक्या सहजपणे का सोडून द्यावे?

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले उमापूर. ते काही वेगळे किंवा बदनाम गाव आहे म्हणून नव्हे, तर मराठवाड्यातल्या शेकडो गावांसारखेच आहे म्हणून. तालुक्याचे ठिकाण गेवराई, जिल्ह्याचे बीड, आणि दुसऱ्या बाजूला शेवगाव, म्हणजे निराळाच जिल्हा. तालुक्याच्या सीमेवरून गोदावरी वाहते, तरीही या भागातली असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. स्त्रियांवरील हिंसा थांबावी आणि समानता यावी यासाठी सरकार जो पैसा खर्च करते, तो अशा गावातल्या एखाद्या बाईपर्यंत कोणत्या रूपाने पोहोचतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बीडच्या वाट्याला आलेले आकडे पुष्कळांना ठाऊक असतील. तरी ते एकत्र ठेवून पाहायला हवेत. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती. २०११ मध्ये ती ८०७ वर आली आणि राज्यात सर्वांत कमी ठरली. २०१२ च्या मे महिन्यात परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात २०१९ मध्ये न्यायालयाने मुंडे दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाला समिती नेमावी लागली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सरासरी सहांतली एक. आणि २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाली होती. राज्याचे प्रमाण जवळपास २२ टक्के होते.

कागदावर हे चार विषय आहेत. गर्भलिंगनिदान आरोग्य खात्याकडे, बालविवाह महिला व बालविकास खात्याकडे, ऊसतोड मजूर सामाजिक न्याय खात्याकडे, मारहाण गृह खात्याकडे. प्रत्येकाचा निधी वेगळा, लेखाशीर्ष वेगळे, अहवाल वेगळा. पण ज्या बाईच्या आयुष्यात हे घडते ती एकच असते. आईच्या पोटी जी बचावली तिचेच लग्न पंधराव्या वर्षी होते, तीच सोळाव्या वर्षी फडात उभी राहते, आणि पाळीच्या किंवा पोटदुखीच्या दिवशी कामाचा खाडा पडू नये म्हणून तिशीच्या आत तीच गर्भाशय काढून घेते. चार खात्यांच्या चार फायलींत तिचे चार तुकडे सापडतील. अखंड अशी ती कोणत्याच फायलीत सापडत नाही.

आता पैशाकडे वळू. २२ जानेवारी २०१५ रोजी हरयाणातल्या पानिपतला ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही केंद्राची योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात देशातले जे शंभर जिल्हे निवडले गेले त्यांत बीड होता, आणि तो असायलाच हवा होता. या योजनेचा हिशेब संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने तपासला. तेव्हाच्या नंदुरबारच्या खासदार हीना गावित समितीच्या अध्यक्ष होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने नोंदवले की २०१६ ते २०१९ या काळात दिल्या गेलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ प्रसारमाध्यमांतील प्रचारावर खर्च झाली. म्हणजे रुपयातले एकोणऐंशी पैसे घोषणेला आणि मुलींचे आरोग्य, शिक्षण, संरक्षण या साऱ्यांना मिळून एकवीस पैसे.

प्रचार निरर्थक असतो असे आम्ही म्हणत नाही. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, हे लोकांना कळायला हवे. परंतु महाराष्ट्राने यासंबंधीचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्येच केला होता आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. परळीला जाणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते असे मानणे भोळेपणाचे ठरेल. गुन्हा आहे हे ठाऊक होते म्हणूनच तर तो लपून चालत होता. माहितीच्या अभावावरचे औषध माहिती आहे. जिथे अभाव दुसऱ्याच कशाचा आहे तिथे माहितीचे फलक वाढवत राहणे म्हणजे रोग्याला औषधाचे नाव पुन्हा पुन्हा वाचून दाखवणे होय.

या ठिकाणी आम्हांला एक जुनी पाटी आठवते. एका ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी आपले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्या घटनेने हललेल्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्याची छापील सूचनापत्रे त्यांनी ब्राह्मणवस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवली. म्हणजे प्रचार त्यांनीही केला. पण त्या सूचनेत ‘विधवा वाचवा’ असा उपदेश नव्हता. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुम्ही ठरवा, अशी ती सरळ व्यवस्था होती. सूचना समाजाला उद्देशून नव्हती, तिला उद्देशून होती. तिच्यात पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर दार उघडणारे माणूस होते.

यापुढची गोष्ट आम्हांला अधिकच महत्त्वाची वाटते. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला. तोवर पस्तीस गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. पस्तीस आणि पाच. हा काही यशाचा आकडा नाही. एखाद्या आजच्या प्रकल्प-अहवालात दुसरा आकडा परिशिष्टात ढकलला गेला असता, किंवा ‘लाभार्थी ३५’ एवढेच ठळक छापले गेले असते. जोतीरावांनी दोन्ही आकडे सांगितले, कारण त्यांना पुढच्या वर्षाचे अनुदान मिळवायचे नव्हते. पैसा घरचा होता. हा मुद्दा लक्षात ठेवावा. त्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

सरकारी पाटी आणि फुल्यांची पाटी यांतला फरक व्याकरणाचा आहे. ‘बेटी बचाओ’ हे आज्ञार्थी वाक्य आहे. ते कोणाला उद्देशून आहे? बेटीला नव्हे. ते बापाला, सासऱ्याला, गावाला उद्देशून आहे, आणि बेटी त्या वाक्याचे कर्म आहे. ज्या सुनेवर हिंसा होते तिने ती भिंत रोज पाहिली तरी तिच्याशी कोणी बोललेले नसते. तिने काय करावे, कुठे जावे, हे त्या वाक्यात नसते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक कोपऱ्यात लहान अक्षरांत असतो, आणि घरातला एकमेव मोबाइल बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो.

योजनांच्या नावांकडे असेच बारकाईने पाहावे. ‘बेटी’, ‘माझी कन्या भाग्यश्री’, ‘सखी’, ‘लेक लाडकी’, ‘माझी लाडकी बहीण’. कन्या, लेक, बहीण: सारी नात्याची नावे, आणि त्यांतली दोन लाडाची. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भलिंगनिदान करणारी केंद्रे उघडी पाडण्यासाठी चालवलेल्या मोहिमेचे नाव ‘लेक लाडकी अभियान’ होते. त्या नावात एक टोचणी होती: लेक लाडकी म्हणता, मग पोटात का मारता? २०२३ मध्ये राज्य शासनाने मुलीच्या जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने रक्कम देण्याची योजना आणली, तिचेही नाव ‘लेक लाडकी’. नाव तेच, पण टोचणी गळाली आणि लाड तेवढा उरला. अशा योजनांतून मिळणारी रक्कम गरीब घराला मोलाची आहे. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेतले दरमहा दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यावर येतात, ही गोष्ट आम्ही मुळीच क्षुल्लक मानत नाही. परंतु लाड हा देणाऱ्याचा गुण आहे, घेणाऱ्याचा हक्क नव्हे. बहीण म्हणून जे मिळते ते भावाच्या मर्जीवर असते. नागरिक म्हणून जे मिळते त्यासाठी मर्जी सांभाळावी लागत नाही. शिवाय ज्या बाईला नात्यातल्याच माणसाने मारले आहे, तिच्याशी पुन्हा नात्याच्याच भाषेत बोलावे यात एक विसंगती आहे, ती नावे ठरवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

याहून कठोर भाषा ऊसतोडीच्या धंद्यात आहे. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे देतो, आणि ती पुरुषाच्या हाती पडते. टोळीत किती माणसे असे कोणी विचारत नाही. किती कोयते, असे विचारतात. दोन माणसे, चार हात, एक अवजार. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. पण तिची स्वतंत्र मजुरी नावाची वस्तूच नसते. एकट्या पुरुषाला उचल कमी मिळते, म्हणून घाईने लग्न उरकून कोयता पुरा केला जातो. बालविवाहाच्या त्या ४४ टक्क्यांतला मोठा भाग समजून घ्यायचा तर या एका शब्दापाशी यावे लागते. जिचे नाव हजेरीत नाही तिला घर सोडून जाण्याइतका पैसा कधी जमणार? कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा आणि अंमल ऑक्टोबर २००६ पासूनचा आहे. पण अर्ध्या कोयत्याला तो कायदा वापरता येत नाही, कारण उरलेला अर्धा तिला मारणाराच असतो.

म्हणून ‘सामुदायिक प्रकल्प’ या शब्दातल्या समुदायाचा अर्थ नीट ठरवायला हवा. आमच्या योजना समुदाय म्हणजे गाव असे धरून चालतात. ग्रामसभेचा ठराव, गावातला मेळावा, गावातली समिती. पण ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा समुदाय अर्धे वर्ष गाव नसतोच. तो कारखान्याच्या आवारातल्या कोप्यांचा तळ असतो. कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. तिथे तिच्या ओळखीची अंगणवाडीताई नाही, आशाताई नाही, माहेरचे कोणी नाही. आहे तो मुकादम. नेमक्या त्या महिन्यांत मेळाव्याचा निधी गावात खर्च होतो, आणि ऐकायला जे उरलेले असतात ते म्हातारे आणि मुले. पैसा गावाच्या नावावर पडतो आणि हिंसा फडावर घडते. दोघांची भेट होत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये आणि तितकेच शासनाकडून, अशी तरतूद ठरली. ती योग्य दिशेची आहे, कारण तो पैसा उसाबरोबर चालतो. त्यातला ठरावीक वाटा तळावरच्या स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी राखून ठेवला पाहिजे, आणि हजेरीत बाईचे नाव स्वतंत्रपणे लिहिले गेल्याशिवाय कारखान्याचा हिशेब पुरा धरू नये.

आता गावातच राहणाऱ्या एखाद्या बाईचा विचार करू. समजा, उमापुरातल्या एका बाईला रात्री घराबाहेर काढले. वन स्टॉप सेंटर, ज्याला ‘सखी केंद्र’ म्हणतात, ते २०१५ पासूनच्या योजनेप्रमाणे जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे बीडला. आधी गेवराई, मग बीड. रात्री एसटी नाही, हातात भाड्याचे पैसे नाहीत, कडेवर मूल. कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी म्हणावा, तर महाराष्ट्रात ही जबाबदारी सुरुवातीला महसूल आणि ग्रामविकास खात्यातल्या अधिकाऱ्यांवर ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपवली गेली होती. हा शब्दप्रयोगही वाचण्याजोगा आहे. जमीन महसूल हा कार्यभार. बाईचा जीव हा अतिरिक्त.

मग ती जाते कुठे? बहुतेक वेळा गावातल्याच चार शहाण्या माणसांकडे. २००७ मध्ये राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातले तंटे गावातच मिटवा, त्याबद्दल गावाला बक्षीस, अशी ती कल्पना. बांधाचे, वाटणीचे कित्येक वाद त्यामुळे कोर्टाची पायरी न चढता सुटले, हे मान्य केले पाहिजे. पण बायकोला मारणे हा तंटा आहे काय? तंट्याला दोन बाजू असतात आणि दोघांनी एकेक पाऊल मागे घेतले की तो मिटतो. मार खाणाऱ्या बाईने आणखी किती पाऊले मागे घ्यायची? जिथे तक्रारी कमी असल्याबद्दल बक्षीस आहे, तिथे तक्रार करणारी बाई गावाच्या बक्षिसाच्या आड येते. तिच्या गप्प राहण्याला सार्वजनिक पैशाने किंमत ठरवून दिली जाते. ‘प्रकरण आपसात मिटले’ हे वाक्य अशा नोंदवहीत वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याने ‘आपसात’ या शब्दापाशी थांबावे आणि विचारावे की त्यात ती होती का.

सरकारच्या पैशाने काही चांगले होतच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना अगदी साधी होती: बाई शेवटी पोलीस ठाण्यातच येते, तर तिथेच एक प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसलेली असावी, जी पोलीस नाही आणि नातेवाईकही नाही. वीस वर्षे हे काम टिकून राहिल्यावर राज्य शासनाने ते आपले म्हणून उचलले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पसरवले. या योजनेच्या केंद्रस्थानी फलक नाही. खुर्चीवर बसून ऐकणारे माणूस आहे.

बीड जिल्ह्यातलेच उदाहरण घ्यायचे तर अंबाजोगाईचे. मानवलोक या संस्थेच्या मनस्विनी महिला प्रकल्पामागे शैला लोहिया उभ्या होत्या. त्या मराठीच्या प्राध्यापक होत्या आणि लेखिका होत्या. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. टाकलेल्या, मारलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायका त्यांच्याकडे येत, आणि त्यांना आसऱ्याबरोबर स्वतःचे म्हणणे मांडण्याची भाषाही मिळे. वर्गात कविता शिकवणारी बाई संध्याकाळी कोणाचे तरी गाऱ्हाणे ऐकते, या दोन कामांत त्यांना अंतर वाटले नसावे. मराठीच्या प्राध्यापकांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की चळवळीने सरकारचा पैसा घेतला की ती मवाळ होते. अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेली संस्था सरकारला जाब विचारू शकत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि पैशामागे देणाऱ्याची छाया येते हा अनुभव आपल्याला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले ते अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीने, आणि त्या पैशाच्या उगमावरूनच पुण्यात त्यांच्यावर संशयाची राळ उडाली. फुले घरच्या पैशावर उभे होते म्हणून ‘पस्तीस आणि पाच’ असे सांगू शकले. पण यातून निघणारा निष्कर्ष सरकारने पैसा देऊ नये असा नाही. अपयश सांगणाऱ्याचा पैसा तुटणार नाही अशी अट सरकारने स्वतःवर घालून घ्यावी, असा तो आहे. स्त्रीच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे. ती घरच्या पैशावर आणि एखाद्या जोडप्याच्या थोरपणावर सोडून देणे म्हणजे १८६३ मध्येच राहणे होय.

दुसरा आक्षेप असा की खरा बदल पैशाने होत नाही, मनाने होतो. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचे नाव घेतले जाते. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे थांबवायचे, असे गावाने ठरवले, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ठरावाला निधी लागला नाही, हे खरे. आणि हेरवाडचे मोल त्याने कमी होत नाही. पण ठराव सुरुवात असतो. कुंकू राखलेल्या विधवेला दिराने जमिनीचा वाटा नाकारला तर तिच्याबरोबर तलाठ्याकडे कोण जाणार? त्या दिवसाची मजुरी कोण देणार? मनाच्या बदलाची भाषा सुंदर असते, आणि ती पुष्कळदा खर्च टाळण्याच्याही कामी येते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. स्त्रियांवरील हिंसेसाठी ठेवलेला पैसा आधी माणसावर खर्च व्हावा, मग भिंतीवर. उमापूरसारख्या मोठ्या गावात, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना धरून, एक तरी बाई अशी असावी की ऐकणे आणि सोबत जाणे हे तिचे काम आहे, आणि त्या कामाचे तिला वेतन मिळते. आम्ही ‘वेतन’ हा शब्द जाणूनबुजून वापरत आहोत. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना आपण ‘मानधन’ देतो, म्हणजे मान जास्त आणि धन कमी. अंगणवाडी सेविकांना उपदान देय आहे हे ठरायला २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. दुसऱ्या बाईला हक्क मिळवून द्यायला जी जाते तिचाच हक्क संदिग्ध असेल तर तिच्या शब्दाला वजन कुठून येणार? तिच्याकडे प्रवासाचे पैसे असावेत, रात्रीपुरता निवारा देण्याची सोय असावी, आणि ऊसतोडीच्या हंगामात अशा काही जणींनी टोळ्यांबरोबर तळावर जावे.

आणि मोजमाप उलटे करावे. पहिली काही वर्षे तक्रारी वाढल्या तर तो प्रकल्प चालतो आहे असे समजावे. तक्रार शून्य असेल तर तिथे कोणीतरी जाऊन पाहावे. अहवालात मेळावे किती झाले आणि फलक किती लागले हे रकाने शेवटी असावेत. पहिले रकाने तीन: किती जणी आल्या, त्यांचे पुढे काय झाले, आणि कोणाला आपण मदत करू शकलो नाही. तिसरा रकाना ज्याने रिकामा सोडला त्याचा अहवाल परत पाठवावा.

शेवटी आपल्याविषयी. या साऱ्या प्रचाराचा कच्चा माल कोण पुरवतो? महाविद्यालयांत घोषवाक्य स्पर्धा होतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत पथनाट्ये बसतात, ८ मार्चला निबंध मागवले जातात. त्या निबंधांना गुण देणारे आपणच. अशा स्पर्धांचे परीक्षक म्हणून आम्हीही बसलो आहोत, आणि यमक चांगले जुळले म्हणून पहिले बक्षीस दिले आहे. त्या ओळी पुढे कुठल्यातरी भिंतीवर गेल्या असतील. त्या वाचून एखाद्या बाईने कोणाचे दार ठोठावले असेल, असे छातीवर हात ठेवून आम्हांला सांगता येत नाही.

यंदा शिबिराला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही घोषवाक्ये लिहायला सांगणार नाही. गावाच्या भिंती वाचून या, असे सांगणार आहोत. प्रत्येक पाटी उतरवून घ्या. ती कोणाशी बोलते ते लिहा. मग गावातल्या बायकांना विचारा, की रात्री दहा वाजता वेळ आली तर कोणाच्या दारावर थाप माराल? उत्तर मिळाले तर ते जपून ठेवा आणि कुणाचे नाव न घेता ग्रामसभेत सांगा. उत्तर मिळाले नाही, तर त्या गावासाठी आलेला पैसा कुठे गेला हे विचारण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज मराठीत, चांगल्या मराठीत, लिहून द्या. भाषेच्या पदवीचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.